आधी जागा, मग लेन्स : फोकल लेंथ चित्राचा अर्थ कसा बदलते

येळ्ळूरच्या शिवारात भातकापणी चालू आहे, विळा हातात घेतलेली एक बाई बांधावर उभी आहे आणि तिच्यामागे दूरवर राजहंसगडाचा डोंगर आहे, असे समजा. तिचे दोन फोटो काढले आणि दोन्हींत तिला चौकटीत अगदी तेवढीच मोठी ठेवली, तरी ते फोटो दोन निरनिराळ्या गोष्टी सांगू शकतात. एकात डोंगर क्षितिजाशी लहानसा दिसतो, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळे शेत पसरलेले असते, आणि हे शिवार तिच्या हाताखालचे आहे असे वाटते. दुसऱ्यात डोंगर थेट तिच्या खांद्याला येऊन भिडतो, शेत जवळजवळ नाहीसे होते आणि गडापुढे बाई दबून जाते. बाई तीच, उजेड तोच, कॅमेराही तोच. फोटो काढणारा किती अंतरावर उभा राहिला आणि ते अंतर भरून काढण्यासाठी त्याने कोणती फोकल लेंथ (लेन्सवर मिमीमध्ये छापलेला आकडा) वापरली, एवढाच फरक आहे. या दोन गोष्टी समजून-उमजून कशा निवडाव्यात हे येथे क्रमाने सांगितले आहे. फोनने किंवा कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने काम सुरू केलेल्या, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात फोटो, लग्नाचे शूटिंग किंवा लघुपट करणाऱ्या वाचकांसाठी हे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘टेली (लांब फोकल लेंथची) लेन्स दृश्य चपटे करते आणि वाइड (आखूड फोकल लेंथची) लेन्स ते ताणते’ असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत किती मोठी दिसेल हे केवळ आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून ठरते. लेन्स त्या दृश्याचा किती भाग कापून चौकटीत आणायचा एवढेच ठरवते. खात्री करायची असेल तर एकाच जागेवरून २४ मिमी आणि २०० मिमी असे दोन फोटो काढावेत आणि २४ च्या फोटोचा मधला तुकडा कापून २०० च्या फोटोशेजारी ठेवावा. तुकड्याचा दर्जा खालावलेला असेल, पण डोंगर, झाड आणि माणूस यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण दोन्हींत सारखेच निघेल. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत क्रम एकच आहे : आधी उभे राहण्याची जागा ठरवायची, आणि तिथून हवे तेवढेच दृश्य देणारी लेन्स नंतर निवडायची.

पहिली पायरी : आपल्या कॅमेऱ्याचे खरे आकडे

लेन्स अनंत अंतरावर फोकस केलेली असताना तिच्या प्रकाशीय केंद्रापासून सेन्सरपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर, ज्याला आपण सगळे फोकल लेंथच म्हणतो. हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही, कारण दृश्याचा कोन सेन्सरच्या आकारावरही अवलंबून असतो. ३६ × २४ मिमी आकाराच्या फुलफ्रेम सेन्सरवर २४ मिमीची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचे दृश्य देते, ३५ मिमी सुमारे ५४ अंशांचे, ५० मिमी ४० अंशांचे, ८५ मिमी २४ अंशांचे आणि २०० मिमी फक्त १० अंशांचे.

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर याहून लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीच्या अशा कॅमेऱ्यांवर लेन्सवर छापलेल्या आकड्याला १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणावे, म्हणजे फुलफ्रेमच्या हिशेबातली तुल्य फोकल लेंथ मिळते. १८-५५ ची साधी किट लेन्स १.५ च्या हिशेबाने २७-८३ ठरते. मायक्रो फोर थर्ड्स या त्याहूनही लहान सेन्सरसाठी हा गुणक २ आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीचा असतो आणि अल्ट्रावाइड १३ मिमीच्या आसपासचा. व्हिडिओ घेताना आणखी एक गोष्ट तपासावी : काही कॅमेरे ४के मध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केल्यावर सेन्सरचा थोडा भाग सोडून देतात, त्यामुळे तीच लेन्स अचानक अरुंद वाटू लागते. यापुढे दिलेले आकडे, वेगळे सांगितले नसेल तर, फुलफ्रेमच्या तुल्य हिशेबातले आहेत.

दुसरी पायरी : शेतातला प्रयोग

ही पायरी वाचून सोडू नये, प्रत्यक्ष करून पाहावी. एक माणूस, मागे बऱ्याच अंतरावर ओळखू येईल असा डोंगर, देवळाचे शिखर किंवा पाण्याची टाकी, आणि मोजपट्टी एवढेच सामान लागते. माणसापासून १.२ मीटर, २.५ मीटर, ५ मीटर आणि १० मीटर अशा खुणा कराव्यात. १.२ मीटरवरून २४ मिमीने, २.५ वरून ५० ने, ५ वरून १०० ने आणि १० मीटरवरून २०० ने फोटो काढावा. फोकल लेंथ आणि अंतर यांचे गुणोत्तर चारही वेळा साधारण सारखे असल्यामुळे माणूस चौकटीत तेवढाच राहतो. आडव्या चौकटीत सुमारे १.२ मीटर उंचीचा भाग मावतो, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून मांडीपर्यंत दिसतो. कॅमेरा चारही वेळा त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवावा, नाहीतर उंचीतल्या फरकाचा परिणाम लेन्सच्या खात्यावर जमा होईल.

मागचा डोंगर मात्र फोकल लेंथच्या प्रमाणात वाढत जातो. त्याचा दिसणारा भाग ४०० मीटर रुंद आणि २ किलोमीटर दूर आहे असे धरले, तर २४ मिमीच्या फोटोत तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा व्यापतो. २०० मिमीत तोच आठपटींहून मोठा होऊन चौकटीबाहेर जातो. आपण फक्त नऊ मीटरच्या आसपास मागे सरकलो. दोन किलोमीटर दूरच्या डोंगराच्या दृष्टीने नऊ मीटर म्हणजे काहीच नाही, पण सव्वा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा बदल आहे. सगळी जादू या दोन गुणोत्तरांच्या तफावतीत आहे.

आता चारही फोटो शेजारी ठेवून पाहावेत आणि प्रत्येकात आपण कुठे उभे आहोत असे वाटते ते स्वतःला विचारावे. १.२ मीटरच्या फोटोत बघणारा त्या बाईच्या हाताच्या अंतरावर असतो, २.५ मीटरच्या फोटोत बोलण्याच्या अंतरावर, आणि १० मीटरच्या फोटोत रस्त्यावरून जाता-जाता पाहणारा. हा भाव पाहणाऱ्याला गणित न करताही कळतो. म्हणूनच अनोळखी माणसाचे दुरून, २०० मिमीने, त्याला न कळता काढलेले फोटो बहुतेकदा चोरून पाहिल्यासारखे वाटतात. त्यांत देखणेपणा असला तरी ओळख नसते. सव्वा मीटरवर जायचे तर आधी ‘मावशी’ किंवा ‘अक्का’ म्हणून हाक मारावी लागते, दोन शब्द बोलावे लागतात, कधी बांधावर बसून चहाही घ्यावा लागतो, आणि त्या बोलण्याचा परिणाम चेहऱ्यावर उतरतो. गावाकडचे, कामकऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी पहिले वर्षभर ३५ च्या पुढे जाऊच नये, असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही.

तिसरी पायरी : चेहरा

चेहऱ्यावर अंतराचा परिणाम लगेच दिसतो, कारण नाकाचे टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर पुढे असते. फोन चेहऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर धरला की कान ५२ सेंटीमीटरवर राहतात, आणि नाक कानांच्या तुलनेत १.३ पट मोठे उमटते. तोच फोटो दोन मीटरवरून काढला तर हे प्रमाण १.०६ वर येते. दीड ते अडीच मीटर हे अंतर साधारण चेहऱ्यासाठी सुखाचे असते आणि त्या अंतरावरून खांद्यापर्यंतचा फोटो भरण्यासाठी ८५ ते १३५ मिमी लागते. ‘पोर्ट्रेटसाठी ८५’ हा रूढ सल्ला इथून आला आहे. फोनवर हेच करायचे असेल तर मुख्य कॅमेऱ्याने चेहऱ्याजवळ जाण्याऐवजी दोन पावले मागे सरकून २ किंवा ३ पट वाढवलेले दृश्य वापरावे.

सुखाचे अंतर म्हणजे योग्य अंतर नव्हे. आजीच्या सुरकुत्यांचा, हसताना पुढे येणाऱ्या हनुवटीचा फोटो हवा असेल, तर ३५ मिमीने पाऊण मीटरवर गेल्यास चेहऱ्यात जो जिवंतपणा येतो तो ८५ देत नाही. फक्त चेहरा चौकटीच्या कोपऱ्यात जाऊ देऊ नये, कारण वाइड लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ओढते. लग्नाच्या समूहफोटोत टोकाला उभे असलेले मामा-मामी अकारण रुंद दिसतात, त्याचे कारण हेच.

पार्श्वभूमी पुसट होण्याचा संबंध लेन्सच्या प्रत्यक्ष छिद्राच्या व्यासाशी आहे. हा व्यास फोकल लेंथला एफ-आकड्याने, म्हणजे एफ/१.८ मधल्या १.८ ने, भागून मिळतो. ८५ मिमी एफ/१.८ वर तो ४७ मिमी येतो आणि फोनच्या मुख्य लेन्सचा काही मिलिमीटरच असतो. फार दूरच्या दिव्याचा ठिपका पसरून जो गोल होतो तो, माणसाच्या जागी मोजला तर, या व्यासाएवढाच असतो. म्हणजे ८५ मिमी एफ/१.८ वर चेहऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. पुसट पार्श्वभूमीच्या याच आकर्षणातून आपल्याकडच्या प्री-वेडिंग फोटोंचे एक वेगळेच नुकसान होते. जोडपे मुद्दाम बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाशी किंवा हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळापाशी जाते, आणि अल्बममध्ये मागे फक्त हिरवट-करडा धूर असतो. ठिकाणासाठी प्रवास केला असेल तर ३५ किंवा ५० मिमी आणि एफ/५.६ वापरावे, मागच्या दगडाचा घाट ओळखू यावा. ठिकाण नकोच असेल तर घराच्या गच्चीवर ८५ लावणे स्वस्त पडते.

चौथी पायरी : अरुंद घरात

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर या भागांतल्या विणकरांच्या घरी चित्रीकरण करायचे ठरवले की पुस्तकी सल्ले कोलमडतात. समजा खोली दहा बाय बारा फुटांची आहे, म्हणजे तीन मीटर बाय साडेतीन मीटरपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यातली निम्मी जागा मागाने व्यापली आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावून उभा माणूस पूर्ण दाखवायचा तर आडव्या चौकटीत सुमारे ५.८ मीटर मागे जावे लागते. भिंतीतून बाहेर पडल्याशिवाय ते शक्य नाही. प्रत्यक्ष २४ मिमीने २.८ मीटर लागतात आणि १६ मिमीने १.९. त्यामुळे आपल्या घरांत काम करणाऱ्याने एपीएस-सी सेन्सरसाठी पहिली जादा लेन्स म्हणून ५० घेण्याऐवजी २४ च्या आसपासची घ्यावी.

पण १६ ने सगळे मावले की काम संपले असे नाही. अतिवाइड लेन्स खोलीच्या पलीकडच्या भिंतीला दूर लोटते आणि ज्या खोलीत दोन माणसे एकमेकांना चुकवून चालतात ती सभागृहासारखी ऐसपैस दिसते. घरविक्रीच्या जाहिरातींत याचा फायदा घेतला जातो. माहितीपटात तो विणकराच्या जगण्याबद्दलचा खोटा पुरावा ठरतो. अशा वेळी उंबऱ्याबाहेर जाऊन, दाराच्या चौकटीतून, ३५ ते ५० मिमीने चित्रीकरण करावे. दाराचे दोन्ही खांब चौकटीत येतात, त्यांच्यामध्ये माग आणि माणूस अडकल्यासारखे बसतात, आणि जागेची टंचाई एक शब्दही न बोलता कळते. हात, धोटा आणि सुताच्या ओळी यांसाठी ८५ वापरावी, कारण तिथे आपल्याला खोली नको असते, कामाची लय हवी असते.

याच जागी एक तांत्रिक खबरदारी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्त एलईडीचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला २५ फ्रेमवर १/५० किंवा १/१०० सेकंदाचे शटर ठेवले तर पडद्यावर लखलख दिसत नाही.

पाचवी पायरी : गोकाक आणि कमल बस्ती

या पायरीत फार रेंगाळण्याची गरज नाही, कारण चूक एकच आहे आणि ती सगळे करतात. मोठी गोष्ट दिसली की अल्ट्रावाइड लावायची. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे, पावसाळ्यात घटप्रभेचे तांबूस पाणी नालाकृती कड्यावरून कोसळते, आणि १३ मिमीच्या फोटोत त्याची बोटभर रेघ उरते, कारण सर्वांत जास्त जागा पायाखालच्या खडकाला आणि डोक्यावरच्या आभाळाला मिळते. दूर, सुरक्षित जागेवरून १०० ते २०० मिमीने पाहावे आणि चौकटीच्या एका कडेला झुलता पूल किंवा माणसे यांपैकी काहीतरी आणावे, म्हणजे उंची मोजायला माप मिळते. कड्याच्या काठाशी वाइड लेन्स घेऊन पुढे सरकणे जिवावर बेतू शकते, कारण त्या लेन्समधून काठ प्रत्यक्षापेक्षा लांब भासतो.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे इसवी सन १२०४ चे जैन मंदिर, याच्या उलट आहे. तिथे मंडपाच्या छतावरचे दगडी कमळ दाखवायचे असेल तर मागे जायला जागाच नाही आणि २० मिमीच्या आसपासची लेन्स हाच उपाय आहे. कॅमेरा कमळाच्या बरोबर मध्याखाली, लेन्स काटेकोरपणे वर करून ठेवावा; थोडा जरी कलला तरी पाकळ्यांचे वर्तुळ अंडाकृती होते. ट्रायपॉड लावायचा असेल तर संरक्षित वास्तू म्हणून परवानगी आधी घ्यावी.

सहावी पायरी : गर्दी

सीमाभागात गर्दीचा फोटो साधा राहत नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो, गणेश विसर्जन असो, की कुठल्याही बाजूचा मोर्चा असो, दुसऱ्या दिवशी ‘किती लोक होते’ यावर वाद होतो आणि पुरावा म्हणून फोटो दाखवले जातात. त्यामुळे फोकल लेंथ गर्दीचे काय करते हे येथे जरा खोलात पाहू.

समजा लोक एकामागे एक दोन-दोन मीटर अंतर ठेवून चालले आहेत. आपण पहिल्या माणसापासून पाच मीटरवर उभे असलो, तर दुसरा माणूस सात मीटरवर आहे आणि पहिल्याच्या ७१ टक्के आकाराचा दिसतो. त्यांच्यामधली मोकळी जागा सहज जाणवते. आपण ५० मीटरवर गेलो तर दुसरा ५२ मीटरवर येतो आणि ९६ टक्के आकाराचा दिसतो. डोकी जवळजवळ सारखी होतात, मधला रस्ता झाकला जातो, आणि २०० मिमीच्या चौकटीत माणसाला माणूस चिकटलेला दिसतो. कॅमेरा माणसांच्या डोक्याच्या उंचीवर असेल तर हा परिणाम आणखी वाढतो. रामलिंगखिंड गल्लीसारख्या अरुंद गल्लीच्या टोकाला उभे राहून, लांब लेन्सने घेतलेल्या चित्रात शंभर माणसेही महापूर वाटू शकतात. उलट दिशेची लबाडीही तितकीच सोपी आहे : उंच गच्चीवरून १६ मिमी लावावी, पुढे रिकामा रस्ता भरपूर ठेवावा, की खरी मोठी गर्दीही विरळ दिसते.

२०२० साली एप्रिलमध्ये, कोविडच्या काळात, कोपनहेगनमध्ये छायाचित्रकारांनी याच प्रश्नाचा पडताळा घेतला होता. एकाच वेळी, त्याच लोकांचे, एकदा वाइड आणि एकदा टेली लेन्सने फोटो काढून त्यांनी ते शेजारी ठेवले. टेलीतली रांग खेटून उभी असल्यासारखी दिसत होती, आणि वाइडमधली तीच माणसे अंतर राखून होती. दोन्ही फोटोंत एकही गोष्ट खोटी नव्हती.

वृत्तपत्रासाठी किंवा मंडळासाठी काम करणाऱ्याने म्हणून एक शिस्त पाळावी. टेलीचा उत्साही फोटो जरूर घ्यावा, कारण मिरवणुकीत शिरलेल्या माणसाला गर्दी तशीच दाट वाटते आणि तो अनुभव खोटा नाही. मात्र त्याच दहा मिनिटांत उंचावरून, २८ ते ३५ मिमीने, रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतील असा एक फोटोही घ्यावा आणि दोन्ही एकत्र द्यावेत. फोटोखालच्या ओळीत ठिकाण आणि वेळ लिहावी. संख्या ठरवण्यासाठी केवळ दुसराच फोटो कामाचा आहे.

सातवी पायरी : हालचाल

चित्रपटात फोकल लेंथ जागेबरोबर वेळेचाही भाव बदलते. एक माणूस कॅमेऱ्याकडे ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने चालत येतो आणि शॉट पाच सेकंदांचा आहे, म्हणजे तो सात मीटर पुढे येतो. वाइड लेन्सने तो दहा मीटरवरून तीन मीटरवर आला तर त्याचा आकार तिपटीहून वाढतो, तो अंगावर आल्यासारखा वाटतो. लांब लेन्सने ६० मीटरवरून ५३ मीटरवर आला तर आकार जेमतेम सव्वापटीच्याही आतच राहतो. माणूस चालतो आहे, पाय उचलतो आहे, पण पोहोचत नाही. वाट पाहणे, थकवा, निष्फळ धावाधाव यांसाठी दुसरी रीत उपयोगी पडते आणि हल्ला, आनंद, घाई यांसाठी पहिली. आडव्या हालचालीत हे नेमके उलटते. सायकलस्वाराच्या बरोबर लांब लेन्स फिरवली की मागची झाडे सरसर मागे पळतात आणि वेग वाढल्यासारखा वाटतो.

कुस्तीच्या मैदानात दोन्ही गोष्टी एकाच दुपारी करून पाहता येतात. हौद्याच्या कडेला बसून २४ मिमीने घेतले तर पैलवानाचा पंजा, उडालेली लाल माती आणि पडण्याचा धक्का कॅमेऱ्यापर्यंत येतो, पण प्रेक्षक लांब जातात. समोरच्या बाजूने, प्रेक्षकांतून, २०० ने घेतले तर दोन देह आणि त्यांच्यामागे वस्तादांचे ताणलेले चेहरे एकाच पातळीवर येतात, आणि कुस्ती दोघांची न राहता तालमींची होते. डावाचा शॉट पहिल्या जागेवरून आणि खडाखडीचा दुसऱ्या जागेवरून घ्यावा, असे मी सुचवेन.

झूम करणे आणि कॅमेरा पुढे नेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झूममध्ये जागा बदलत नाही, म्हणून मागची-पुढची प्रमाणे तशीच राहून चित्र फक्त मोठे होते. त्यातून बोट दाखवल्याचा भाव येतो. कॅमेरा सरकतो तेव्हा प्रमाणे बदलतात आणि प्रेक्षक स्वतः चालत गेल्यासारखा होतो. दोन्ही एकमेकांविरुद्ध केले, म्हणजे कॅमेरा मागे नेताना झूम वाढवला, तर माणूस तेवढाच राहतो आणि मागचे जग त्याच्यावर चालून येते. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात उंचीची भीती दाखवण्यासाठी ही रीत वापरली गेली आणि तेव्हापासून तिचे अनुकरण होत आहे. भाजीच्या हातगाडीवर बसून, सपाट डांबरी रस्त्यावर, १.२ मीटरवर २४ पासून ३.५ मीटरवर ७० पर्यंत जाऊन ती सहज शिकता येते. प्रत्यक्ष लघुपटात मात्र ती वापरू नये. तिच्याकडे लक्ष गेले की पात्राकडे जात नाही.

लेन्सचा क्रम पूर्ण चित्रपटभर योजता येतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण सिडनी ल्युमेट यांच्या १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चे आहे. जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीत घडतो, आणि जसजसा वाद तापतो तसतशा लेन्स लांब होत जातात, त्यामुळे भिंती माणसांच्या जवळ आल्यासारख्या वाटतात. कॅमेऱ्याची उंचीही डोळ्यांच्या वरून हळूहळू खाली आणली आहे. याच्या दुसऱ्या टोकाला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू उभे आहेत. ते वर्षानुवर्षे ५० मिमीलाच धरून राहिले, आणि लेन्स बदलत नसल्यामुळे त्यांच्या चित्रपटांत माणसांमधले अंतर तेवढे ठळक होते.

आठवी पायरी : प्रसंगाला लेन्स लावणे

आता एक प्रसंग घेऊ. खानापूर तालुक्यातले घर, पुढे पडवी, तिच्या कट्ट्यावर वडील बसले आहेत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा सुट्टीला आला आहे आणि त्याला जमीन विकायची गोष्ट काढायची आहे. शूटिंगच्या आदल्या दिवशी पटकथेच्या समासात प्रत्येक शॉटपुढे दोन आकडे लिहावेत, अंतर आणि फोकल लेंथ, आणि त्याखाली एका ओळीत कारण.

सुरुवातीला दोघे एकाच चौकटीत, ३५ मिमी, कॅमेरा दोन-अडीच मीटरवर. पाऊसपाणी, शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न असे बोलणे चालले आहे. घर, अंगण आणि दोघांमधली सवयीची जवळीक दिसायला हवी. विषय निघाला की एकमेकांच्या खांद्यावरून घेतलेले शॉट, ५० मिमी. समोरच्याचा खांदा चौकटीत आहे, तोवर नाते तुटलेले नाही. मुलगा ‘विकूया’ म्हणतो आणि वडील जरा थांबून ‘तुला काय वाटतंय ते कर की’ म्हणतात, तो क्लोजअप खरा निर्णयाचा आहे. तो दोन प्रकारे घेता येतो. २८ मिमीने अर्ध्या मीटरवर जावे, किंवा १०० मिमीने पावणेदोन-दोन मीटरवर थांबावे. चेहरा दोन्हींत तेवढाच भरतो. पहिल्यात आपण वडिलांच्या श्वासाच्या टप्प्यात असतो, मागे सगळे घर दिसत राहते, आणि त्यांचे म्हातारपण नको तितके जवळ येते. दुसऱ्यात घर पुसून जाते, वडील एकटे पडतात, आणि आपण मुलाच्या जागेवरून, थोडे अलिप्तपणे त्यांच्याकडे पाहतो.

प्रसंग कोणाचा आहे हे ठरल्याशिवाय यातला एक निवडता येत नाही. मुलाच्या अपराधी भावनेची गोष्ट असेल तर १०० योग्य, वडिलांच्या हातून सुटणाऱ्या घराची असेल तर २८. आपल्याकडचे बरेच लघुपट भावनिक प्रसंग आला की आपोआप लांब लेन्स आणि पुसट पार्श्वभूमी गाठतात, आणि ज्या घरासाठी रडायचे ते घरच चौकटीतून निघून जाते. एक व्यावहारिक सूचनाही लिहून ठेवावी : समोरासमोरच्या दोन क्लोजअपची अंतरे आणि फोकल लेंथ सारख्या ठेवाव्यात, किंवा वेगळ्या ठेवल्या तर त्याचे कारण समासात असावे. एकाला ३५ आणि दुसऱ्याला ८५ असे सहज झाले तर संकलनाच्या टेबलावर त्यांची नजरानजर जुळत नाही.

नववी पायरी : खरेदीआधीची तपासणी

नवी लेन्स घेण्याआधी जुन्या फोटोंची माहिती तपासावी. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते, आणि लाइटरूम किंवा मोफत मिळणाऱ्या डिजिकॅमसारख्या प्रणालीत ती चाळून पाहता येते. किट लेन्स वापरणाऱ्यांचे बहुतेक फोटो १८ किंवा ५५ या दोन टोकांवर सापडतात. याचा अर्थ झूमचा उपयोग पाय वाचवण्यासाठी झाला आहे, निवडीसाठी नाही, आणि अशा स्थितीत नवी लेन्स विकत घेऊन उपयोग नाही. झूमचे कडे २४ वर, म्हणजे ३६ च्या तुल्य जागी, कागदी टेपने चिकटवावे आणि महिनाभर तसेच काम करावे. त्यानंतर ज्या प्रसंगी वारंवार मागे भिंत लागली किंवा पुढे जाणे अशक्य झाले, ते प्रसंग वहीत लिहून त्याप्रमाणे वाइड की लांब ते ठरवावे, आणि ती लेन्स आधी एका लग्नापुरती भाड्याने आणून, अंधाऱ्या मंगल कार्यालयात फोकस पकडते की नाही हे पाहूनच पैसे द्यावेत.